पेटीवाल्या काकांना

आदरणीय काका,
जय ख्रिस्त!

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर रविवारी उपासनेनंतर तुम्ही मला टाळून मागच्या दाराने जाल, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही जे केलंत ते चारचौघांतच केलंत.

धाकट्या भावाला जाऊन अजून वर्ष व्हायचंय. डायलिसिस, पुण्याच्या खेपा, पैशांची जुळवाजुळव यातलं काही सांगत बसत नाही. ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना माहीत आहे.

तो आजारी असताना घरी येणाऱ्यांची कमी नव्हती. एक प्रार्थनेचा गट यायचा. नुकताच डोळा लागलेल्या माणसाला उठवून बसवायचे, डोक्यावर हात ठेवायचे, आवाज चढवायचे आणि 'तू बरा झालाच आहेस' असं सांगून चहा पिऊन जायचे. तो गेल्यावर त्यांच्यातल्याच एक ताई स्वयंपाकघरात आल्या. आई भाकरी थापत होती. तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "घरात कुणाचा तरी विश्वास कमी पडला असेल बघा." आईचा हात परातीतच राहिला. तव्यावरची भाकरी जळाली, तरी ताईंचं चालूच.

दुसऱ्या बाजूला आमचा शिकलेला मावसभाऊ. दफन करून घरी आलो त्याच आठवड्यात त्याचे व्हिडिओ सुरू झाले. पुनरुत्थानाचे ऐतिहासिक पुरावे, देवाच्या अस्तित्वाचे युक्तिवाद, एकामागून एक. वर मेसेज: "अक्का, भावनेच्या भरात जाऊ नकोस, आपला विश्वास विचारावर उभा आहे." असेलही बाबा. पण तेव्हा मला भावाच्या चपला दारातून उचलून आत ठेवणं होत नव्हतं. स्टाफरूममधल्या एका सरांनी तर 'आता तरी शहाण्या व्हा, मॅडम' एवढ्यातच विषय मिटवला. थोडक्यात काय, ज्याला त्याला मी लवकरात लवकर त्याच्या मताची व्हायला हवी होते.

आणि मग पावसाळ्यातली ती प्रार्थनासभा. साक्षीची वेळ होती. आपल्याकडे साक्षीचा शेवट गोडच असावा लागतो: संकट आलं, प्रार्थना केली, प्रभूने तारलं. माझ्याकडे तसा शेवट नव्हता. तरी मी उभी राहिले. म्हणाले, "आम्ही जे मागितलं ते मिळालं नाही. ऐकणारा कुणी होता का, असं रात्री मनात येतं, आणि..."

त्या 'आणि'वरच सभा चालवणाऱ्यांनी तुमच्याकडे बघून मान हलवली. ही खूण सगळ्यांच्या ओळखीची आहे. कुणी अडखळलं की गाणं उचलायचं. ढोलकी लागली की टाळ्या सुरू होतात, टाळ्या लागल्या की डोळे मिटतात, आणि उभं राहिलेलं माणूस आपसूक खाली बसतं. ढोलकीवाल्या पोराची थाप पडलीसुद्धा.

तुम्ही पेटीवरची बोटं उचललीत. भाता मिटलात आणि बाजूची खिट्टी अडकवलीत. ढोलकी एकटीच दोन ठोके वाजून गप्प झाली. मग चष्म्यावरून बघत तुम्ही एवढंच म्हणालात, "पोरीचं वाक्य पुरं व्हायचंय अजून."

पुढे मी काय बोलले ते धड आठवत नाही. फार शहाणपणाचं नसणार. पण बोलले, आणि शेवटापर्यंत बोलले. काका, त्या खिट्टीबद्दल हे पत्र आहे.

गाण्यांशी माझं वैर नाही, हे तुम्ही जाणता. नारायण वामन टिळकांचं गीत तुम्ही धरलंत की माझे डोळे आजही भरतात. पण टिळक काही नुसत्या उमाळ्याने ख्रिस्ताकडे आले नव्हते. आगगाडीत एका परक्या प्रवाशाने हातात दिलेला ग्रंथ ते वाचत गेले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी खिळले. तो ग्रंथ म्हणजे नवा करार. तत्त्वज्ञानातल्या अवघड प्रश्नांची उत्तरंही त्यांना तिथेच मिळाली आणि त्या शब्दांतल्या प्रेमाने पुस्तक खाली ठेववेनाही. त्यानंतरही बाप्तिस्मा घेतला तो विचारांती, १८९५ मध्ये. शेवटी १९१७ साली ते साताऱ्यात आले आणि इथे 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, तोही बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सगळ्यांसाठी. पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांनी तिथल्या मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून असा काही वाद घातला की सिस्टर जेरीस आल्या असतील. आणि त्याच बाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मुली ढसाढसा रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या. आपल्या मंडळींत यांची नावं आदराने घेतात. त्यांच्यासारखे प्रश्न विचारले की मात्र लगेच खूण होते, ढोलकी लावा.

सभेनंतर तुम्ही घरी आलात. आम्हाला वाटलं, आता उपदेश होणार. तुम्ही आधी आईने केलेला चहा सावकाश प्यालात, मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय काढून माझ्यापुढे सरकवलात. लाजर मेलाय. मार्था पुढे जाऊन प्रभूला गाठते आणि म्हणते, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने मरिया येते, पायाशी पडते आणि तेच म्हणते, जवळजवळ शब्दाला शब्द. "आता दोघींना काय मिळालं ते बघ," तुम्ही म्हणालात. मार्थाशी तो बोलतो: पुनरुत्थान, जीवन, तुझा यावर विश्वास आहे का, अशी सरळ चर्चा. मरियेला तो काहीच समजावत नाही. तिला रडताना बघतो आणि स्वतः रडतो. त्याला तर ठाऊक आहे की थोड्याच वेळात आपण लाजराला हाक मारणार आणि तो बाहेर येणार. ठाऊक असूनही रडतो.

हा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले. दफनाच्या वेळीसुद्धा वाचला होता. पण त्यातली बहीण म्हणून तो कधी वाचला नव्हता.

मी तुम्हाला विचारलं, मग मी नेमकं काय करू, रडू की विचार करू? तुम्ही आयुष्यभर साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काम केलेलं. म्हणालात, "उसाची गाडी काट्यावर दोनदा चढते पोरी. भरलेली एकदा, रिकामी एकदा. एकाच वजनावर पावती फाडली की कुणीतरी बुडतंच." आणि अर्थ न सांगता छत्री उचलून निघालात.

अशी माणसं साताऱ्यात अजून आहेत, म्हणून आम्ही तगलो. शेजारच्या चाची त्या दिवसांत रोज सकाळी यायच्या, दूध तापवून झाकून ठेवायच्या आणि जायच्या. ना दुवा ऐकवली, ना सल्ला दिला. डायलिसिसच्या खोलीतला तो मुलगा सुई टोचण्याआधी दर वेळी भावाला विचारायचा, "दादा, टोचू का?" हो म्हणण्यावाचून भावाला गत्यंतर नव्हतं, तरी विचारायचा. या दोघांना विश्वासावर प्रवचन करता आलं नसतं. कुणी मागितलंही नसतं.

आता एक तक्रार. परवा तुम्ही म्हणालात की कबरेपाशी मार्था डगमगली. 'आता त्याला दुर्गंधी येत असेल, चार दिवस झालेत' असं ती म्हणते, तो तिचा अविश्वास. काका, मला हे पटलेलं नाही. थोड्या वेळापूर्वीच तिने 'तू ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस' अशी भर रस्त्यात कबुली दिली आहे. तिचा भाऊ मेलाय आणि चार दिवस झालेत. जे आहे ते बाई सांगते आहे. प्रभू तिला पुढे 'विश्वास ठेवशील तर देवाचं गौरव पाहशील, असं मी तुला सांगितलं नव्हतं का' असं म्हणतो, त्याकडे तुम्ही बोट दाखवणार, तेही माहीत आहे. त्यालाही माझ्याकडे उत्तर आहे. रविवारी उपासनेनंतर थांबा, मागच्या दाराने जाऊ नका.

तुमची,
पोरगी