सूचना : कामावर जखमी झालेल्यांच्या उपचारांबाबत रविवारी सभा

सर्व सभासद बंधू-भगिनींनो,

येत्या रविवारी सकाळी ११ वाजता नाशिकच्या सीबीएसजवळील (मध्यवर्ती बस स्थानक) हुतात्मा स्मारकात सभा आहे. विषय एकच : कर्तव्यावर जखमी झालेल्या सरकारी कर्मचाऱ्याने कोणत्या डॉक्टरकडे उपचार घ्यावेत.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अशा कर्मचाऱ्यांसाठी विशेष विकलांगता रजेची तरतूद आहे, पण त्यासाठी प्राधिकृत, म्हणजे सरकारने ठरवून दिलेल्या, वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला लागतो. सुरगाणा-पेठच्या जंगलात पाय मोडलेल्या वनरक्षकाने त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत खेटे का घालायचे? हे थांबलेच पाहिजे.

आपण मागणी करणार आहोत की जवळचा नोंदणीकृत खासगी डॉक्टर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी, दोघांचेही उपचार व दाखले ग्राह्य धरावेत. फिजिओथेरपीचा खर्चही मिळावा. हाड जुळल्यावर खरी झुंज तिथेच सुरू होते.

येताना :
- गेल्या काही वर्षांत दुखापत झाली असल्यास बिले, दाखले, नामंजुरीचे पत्र यांच्या छायांकित प्रती आणा. मूळ कागद घरीच ठेवा.
- स्वतः येऊ न शकणाऱ्या जखमी सहकाऱ्याचे कागद तालुका प्रतिनिधीकडे शुक्रवारपर्यंत द्या.

निवेदनावर सह्या सभेतच होतील.

– सचिव