दुसऱ्या डोळ्याची तारीखही आत्ताच ठरवा

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

काल फोनवर आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनवरून तुमचीच जुंपली आणि माझं राहून गेलं, म्हणून हे पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. आई, तूच वाच. बाबा त्यांना हवं तेवढंच वाचून दाखवतात.

बाबा, मोतीबिंदू 'पिकू देण्याचे' दिवस गेले. पूर्वी मोठा छेद, टाके आणि नंतर जाड भिंगांचा चष्मा, तेव्हा थांबण्यात अर्थ होता. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून अल्ट्रासाऊंडने तो फोडून ओढून घेतात आणि आत कृत्रिम भिंग बसवतात. उलट जितका कडक होईल तितका फोडायला जड. मी आले होते तेव्हा आईनं पाणी पेल्याच्या शेजारी ओतलं. अजून काय पिकायचंय?

आई, आता तुझं 'दोन्ही एकदमच उरकू'. काही ठिकाणी एकाच दिवशी दोन्ही करतात, पण तेव्हाही दोन वेगळी ऑपरेशनं धरून. दुसऱ्या डोळ्याला सगळी अवजारं नव्यानं. भीती जंतुसंसर्गाची. तो क्वचितच होतो, पण झाला तर नजर जाऊ शकते. मला मात्र दुसरं कारण जास्त पटलं: पहिल्या डोळ्याचा नंबर प्रत्यक्षात किती आला ते पाहून दुसऱ्याच्या भिंगाचा हिशेब सुधारता येतो. म्हणून आधी जास्त अधू तो डावा, मग डॉक्टर म्हणतील तसा, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी, उजवा.

माझी खरी धास्ती त्या मधल्या काळाची आहे. डावा लख्ख झाला की तू म्हणणार, 'चाललंय की एकावर!' (गुडघ्याच्या वेळी हेच केलंस.) तुझा नंबर मोठा. एका डोळ्याचा उतरला आणि दुसऱ्याचा तसाच राहिला, तर जुना चष्मा लावून गरगरतं, न लावून एक डोळा धूसर. पायरी किती खाली आहे याचा अंदाज चुकतो. जिना उतरताना कठडा सोडायचा नाही. आणि एक गंमत कर: डावा झाकून पांढरी चादर बघ, मग उजवा झाकून. उजव्याला ती पिवळट दिसेल. मग दुसऱ्या तारखेसाठी तूच मागे लागशील.

थेंबांचं वेळापत्रक मी फ्रिजवर चिकटवीन. डोळा दुखला, लाल झाला किंवा दिसायचं कमी झालं, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करायचा. बाबा, हे तुमच्याकडे.

दोन्ही तारखा एकदमच घ्या आणि कळवा. रजेचे दोन अर्ज लिहून ठेवलेत.

तुमची,
धाकटी