आधी नातं, मग शब्द शिकवणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सा. न. वि. वि.

आईबाबांना घेऊन थायलंडमधलं बँकॉक, लाओसमधलं लुआंग प्रबांग, कंबोडियातलं सिएम रीप आणि प्नोम पेन्ह असं सगळं करून आम्ही सुखरूप परत आलो. तिकिटं, हॉटेलं, व्हिसा हे मी बघितलंच होतं. पण तिथल्या माणसांशी आम्हाला जे बोलता-वागता आलं ते सर्वस्वी तुमचं देणं आहे, कारण निघण्याआधी थाई, लाओ आणि ख्मेर (कंबोडियाची भाषा) यांतलं कामापुरतं बोलणं तुम्हीच आम्हाला शिकवलंत. फोनवर नुसतं 'थँक्यू काकू' म्हणून मला समाधान होणार नाही, आणि हे चारचौघांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हे जाहीर पत्र.

पहिल्याच संध्याकाळी तुम्ही माझं इंग्रजी पुस्तक बाजूला ठेवलंत आणि वही काढायला लावलीत. 'देवनागरीत लिही,' म्हणालात. त्याची किंमत बँकॉकच्या बाजारात कळली. थाईत 'पा' म्हणजे आईची किंवा वडिलांची मोठी बहीण आणि 'फा' म्हणजे कापड. सूर दोन्हींचा तोच, वरून खाली उतरणारा. फरक फक्त प आणि फ यांचा. रोमन लिपीत वाचणारा माणूस तिथे हमखास घसरतो. 'फळ्यातला फ म्हणायचा, ऑफिसातला नाही,' हे तुमचं वाक्य आईने पाठच केलं होतं. शब्दाच्या सुरुवातीला ङ म्हणण्याचा सराव मात्र तुम्ही फार चिकाटीने करून घेतलात. पैशाला थाई शब्दच 'ङन', तेव्हा तो टाळून चालणार कसं!

आणि काकांचेही आभार मानायचे आहेत. थाईत आदर दाखवायला बाई वाक्याच्या शेवटी 'खा' म्हणते आणि पुरुष 'ख्रप'. बोलणारा कोण यावर ते ठरतं. शिकवणारी बाई असली की पुरुषही ऐकून ऐकून 'खा' म्हणू लागतात, म्हणून तुम्ही बाबांसमोर मुद्दाम काकांना बसवलंत. काका 'खॉप खुन ख्रप', म्हणजे 'आभारी आहे', म्हणायचे आणि त्यांच्यामागून बाबा. ख्मेरमध्ये हाच भेद होकारात असतो, पुरुषाचा 'बात', बाईचा 'चा'. तेही बाबा काकांकडूनच शिकले. लाओमधलं 'सबायदी' (नमस्कार) आणि 'खॉप चाय' (आभार) मग अगदी सोपं वाटलं.

पण सगळ्यात जास्त वेळ तुम्ही नात्यांना दिलात. समोरचा आपल्याहून मोठा की लहान हे आधी बघायचं, मग तोंड उघडायचं. थाईत मोठ्याला 'फी', लहानाला 'नॉङ'. ख्मेरमध्ये 'बाँङ' आणि 'ऊन', आजोबांना 'ता', आजीला 'यिएय'. रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे पटकन पचतं, हे तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. हात जोडण्याचंही तसंच. 'संपेया' म्हणजे ख्मेर लोकांचा नमस्कार, त्यात मित्राला छातीशी हात, वयाने मोठ्याला तोंडाशी, आईवडील, आजीआजोबा आणि गुरुजनांना नाकाशी, भिक्खूंना भुवयांशी आणि देवाला कपाळाशी. आरशासमोर उभं करून तुम्ही आमच्याकडून हे करून घेतलंत.

सिएम रीपला आम्ही उतरलो त्या घरी एक म्हाताऱ्या आजी अंगणात बाजेवर बसलेल्या असायच्या. आईने नाकाशी हात नेले, मान लववली आणि म्हणाली, 'चुम रियप सुअर, यिएय,' म्हणजे 'नमस्कार, आजी.' आजी एकदम सरळ बसल्या. त्यांनी विचारलं, 'न्याम बाय हाउय रू नौ?' भात खाल्लास का! तुम्ही सांगितलंच होतं, तिथे हे आपल्या 'जेवलात का' इतकं सहज विचारतात. आई म्हणाली, 'चा, हाउय,' म्हणजे 'हो, झालं.' आजींनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि आंबा कापायला घेतला. पुढे दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं, पण दुपार छान गेली.

याच आजींच्या बाबतीत तुमचं आणखी एक सांगणं आठवलं. आपल्याकडे ओळख झाली की लगेच 'भावंडं किती' असं विचारतात. तुम्ही बजावलं होतंत की कंबोडियात साठीच्या पुढच्या माणसाला हे विचारायचं नाही. १९७५ ते १९७९ या काळात, ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत, लाखो माणसं मेली, उपासमारीने, आजाराने आणि हत्यांनी. ज्याला विचाराल त्याच्या घरातलं कुणीतरी त्यात गेलेलं असू शकतं. स्वतःहून बोलले तर ऐका, उकरू नका. प्रवासाच्या कुठल्या पुस्तकात हे मला असं सापडलं नव्हतं. यासाठी तुमचे आभार मानायला शब्द अपुरे आहेत.

लहान मूल दिसलं की आईचा हात त्याच्या डोक्यावर जातोच. तिथे डोकं पवित्र, परक्याने हात लावायचा नाही. तेही तिने सांभाळलं. देवळात बुद्धमूर्तीकडे तळपाय करायचे नाहीत, उंबऱ्यावर पाय द्यायचा नाही. यातलं उंबऱ्याचं माझ्या आजीने लहानपणीच शिकवलेलं. लुआंग प्रबांगला पहाटे भिक्खू भिक्षेला निघतात, तेव्हा आम्ही रस्त्याच्या पलीकडून, फ्लॅश बंद ठेवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी आईला दान करावंसं वाटलं. चपला काढून, खांदे झाकून ती गुडघ्यांवर बसली आणि कुणालाही स्पर्श न होऊ देता चिकट भाताचा एकेक घास पात्रात घालत गेली.

खाण्याचं तर काय सांगू! शाकाहारासाठी थाई 'मांगसविरत' हा शब्द, मांस आणि विरती, ऐकताच बाबांना पाठ झाला. 'माय साय नाम प्ला', म्हणजे माशाचा सॉस घालू नका, हे त्याला जोडायला तुम्ही सांगितलं नसतंत तर नुसत्या शाकाहारावर भागलं नसतं.

हो, आणि प्नोम पेन्हच्या राष्ट्रीय संग्रहालयात तुम्ही सांगितलेला तो शिलालेख बघितला. शके ६०५, त्यातलं शून्य एका टिंबाचं, आणि तिथी वद्य पंचमी! बाबा त्याच्यासमोरून हलेनात. आपल्या पंचांगातला शक तिथे दगडात कोरलेला बघून त्यांना फार आनंद झाला.

माझी मामेबहीण दिवाळीनंतर सासूसासऱ्यांना घेऊन तिकडेच निघाली आहे. माझी वही मी तिला दिली आहे, पण वहीतून सूर कळत नाहीत. तुम्हाला आणि काकांना जमेल त्या संध्याकाळी तिला पाठवू का? पुरुषांच्या 'ख्रप'साठी काका हवेतच.

आपली,
डोंबिवलीची विद्यार्थिनी