आळस नेमका कोणाचा?

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतील बोलीभाषांवरील लेख वाचून बरीच करमणूक झाली. 'पाणी'ला 'पानी' म्हणणे आणि 'करत आहे'ऐवजी 'करून राहिलो' म्हणणे हा जिभेचा आळस असून थोड्या सरावाने तो जातो, असे निदान लेखकमहाशयांनी केले आहे. 'दर बारा कोसांवर भाषा बदलते' ही म्हणही त्यांनी अपेक्षेप्रमाणे वापरली आहे. आमच्या अकोट तालुक्यात मात्र त्यासाठी बारा कोस चालावे लागत नाहीत. कापूस वेचणाऱ्या बाया 'मले' म्हणतात, त्याच गावातील तलाठी आणि गुरुजी 'मला' म्हणतात, आणि बागायतदार पाटील शेतात 'मले' व तहसील कचेरीत 'मला' म्हणतो. हवापाणी सर्वांचे एकच आहे. फरक आहे तो कोणाला कोणाच्या टेबलासमोर उभे राहावे लागते याचा.

अशाच एका टेबलासमोर माझी मोठी बहीण उभी राहिली होती. गणिताची पदवी आणि बी.एड. झाल्यावर पुण्यातील एका शाळेत ती मुलाखतीला गेली. 'सध्या काय करता?' या प्रश्नावर 'गावातल्या शाळेत शिकवून राहिली' असे तिने सांगितले. तेव्हा समितीतील एका बाईंनी शेजारच्या गृहस्थांकडे पाहत 'राहिली? मागे राहिली की काय?' असे विचारले आणि सगळे हसले. त्यानंतर गणितावर एकही प्रश्न न विचारता, 'भाषेवर मेहनत घ्या' असा सल्ला देऊन तिची बोळवण करण्यात आली. ('राहिली'चे 'राहिले' केल्याने वर्गसमीकरणाचे उत्तर बदलते, असे माझ्या तरी ऐकिवात नाही.) स्त्रीने स्वतःविषयी 'मी आली, मी गेली' असे म्हणणे हा आमच्याकडचा नियम आहे. चूक अधूनमधून होते. आमच्या आया-आज्या हा नियम जन्मभर पाळत आल्या आहेत आणि आळशी माणसाला ते साधत नाही.

'करून राहिलो' ही हिंदीची भेसळ असल्याचेही लेखात म्हटले आहे. विदर्भ १९५६ सालापर्यंत मध्य प्रदेशात होता, नागपूर त्या राज्याची राजधानी होती आणि कापसाच्या बाजारात मारवाडी व्यापाऱ्याशी सौदा हिंदीतच करावा लागे, हे लेखकमहाशयांना ठाऊक असावे. राज्यकर्त्यांच्या आणि बाजाराच्या भाषेचा रंग बोलण्यावर चढतोच. 'अर्ज', 'हुकूम' आणि 'तारीख' हे शब्द फारसीच्या अमलामुळे मराठीत आले. त्यांना कोणी भेसळ म्हणत नाही, कारण ते दप्तरात बसले.

दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. त्या काळी शाळा, छापखाना आणि कचेरी कोणत्या घरांतील माणसांनी भरलेली होती, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. त्या घरांतील बोलणे नियम ठरले आणि उरलेल्यांचे बोलणे अशुद्ध. पुढे जोतीराव फुल्यांच्या पुस्तकांची विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाला' मासिकात टर उडवली गेली, तीही त्यांतील व्याकरणाच्या चुका काढून. 'म्यां' हे रूप तर संतांच्या रचनांत जागोजागी आढळते. तेच आज खेड्यातील म्हाताऱ्याने 'म्या केलं' असे उच्चारले की गावंढळ ठरते.

विषय निघालाच आहे, म्हणून आपल्या वृत्तपत्राबद्दलही लिहितो. गारपिटीच्या बातमीत शेतकऱ्याचे म्हणणे आपण 'आमी काय कराव सायेब' असे छापता. त्याच तालुक्यातील आमदार सभेत तंतोतंत तसेच बोलतात, हे मी स्वतः ऐकले आहे. आपल्या अंकात मात्र ते 'आम्ही काय करावे' असे स्वच्छ होऊन अवतरतात. ही इस्त्री कोणाच्या बोलण्यावर फिरवायची, हे आपल्या कार्यालयात कोण ठरवते, ते कळल्यास बरे होईल.

ता. क. – याच विषयावरील माझ्या मागील पत्रात अवतरणचिन्हांत लिहिलेले 'करून राहिलो' आपल्या उपसंपादकांनी 'करत आहे' असे सुधारून छापले होते, त्यामुळे माझी तक्रार नेमकी काय आहे हे कोणालाच समजले नाही. या वेळी कृपया सुधारणा करू नये.

आपला नियमित वाचक,
अकोट, जि. अकोला