टोकन देण्याआधी

ठाणे, 20 जून

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा तीन घरांचे फोटो पाठवून तू खाली विचारलंस, "बाबा, कोणतं?" फोटोंत मला तीन सोफे दिसले. पडदे तिन्हीकडचे छान आहेत.

इन्स्पेक्शनवाल्याला बोलावते आहेस ते उत्तम. त्याच्याकडे ओल मोजायचं यंत्र असेल, थर्मल कॅमेरा असेल. पण रिपोर्टची वाट बघत घरी बसू नकोस, त्याच्या मागे मागे हिंड. आणि तिन्ही घरांना एकच यादी लावू दिलीस तर पैसे वाया. घरागणिक दुखणं वेगळं असतं, आणि ते लपतंही वेगळ्या जागी.

कोथरूडचा फ्लॅट 1992 च्या इमारतीतला, वरून गच्ची. तिथे हॉल नंतर बघ, आधी गच्चीवर जा. पावसाचं पाणी जिथून पाइपात उतरतं ती तोंडं, कठड्याच्या बुडाशी काढलेला वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर उतार), कोब्यावरच्या भेगा हे सगळं बघ. कुठे पिंपळाचं रोपटं उगवलं असेल तर त्याची मुळं आत पाण्यापर्यंत पोचलीत असं समज. गच्चीवर पत्रे टाकले असतील तर ते का टाकले आणि परवानगी घेतली का, हे विचार. पत्र्याने गळती थांबते, पण आधी किती वर्षं पाणी मुरलं ते पत्रा सांगत नाही.

मग जिन्यात ये. जिना आणि पार्किंग कोणी सजवत नाही, म्हणून इमारत तिथे खरं बोलते. गिलाव्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा असतील तर घाबरू नकोस. पण बीमच्या किंवा कॉलमच्या लांबीला धरून सरळ रेघ गेली असेल, तर आतली सळई गंजते आहे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. अशा ठिकाणी हातोडीने हलकेच ठोकलं की खण्ण न वाजता बद्द वाजतं. वरून रंग कितीही ताजा असो, आवाज बदलत नाही.

सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट माग. उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं 5 वर्षांतून एकदा आणि 30 च्या पुढे 3 वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवं. "आमच्याकडे तसा काही प्रॉब्लेम नाही" हे उत्तर मिळालं, तर ऑडिट झालेलं नाही असं धर.

वाकडच्या टॉवरला एवढा वेळ नको. तिथे सांगाडा नवा आहे, घाई झालेली असते ती फिनिशिंगमध्ये. एक रुपयाचं नाणं घे आणि फरशी न् फरशी टिचकावत जा. पोकळ वाजेल तिथे खडूने फुली मार. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओत आणि स्वस्थ उभी राहा. पाणी जाळीकडे जायच्या ऐवजी दाराकडे निघालं तर उतार चुकला आहे. बोर्डात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच असतो, त्याचं टेस्ट बटण दाबलं की तो पडलाच पाहिजे. भिंती मिवानच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या असतील तर त्या सगळ्या काँक्रीटच्या असतात, पुढे स्वयंपाकघर मोठं करायचं स्वप्न आत्ताच सोडून द्या. भोगवटा प्रमाणपत्र डोळ्यांनी बघ. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत दाखवलेला बांधकामातला दोष बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो. मात्र तक्रार लेखी कर, व्हॉट्सॅपवर अंगठा आला म्हणजे झालं असं नाही.

तळेगावचं रो हाउस सुहासरावांच्या मनात भरलंय, हे ओळखलं मी. तिथे नजर खाली ठेवायची. पाया मुरमात आहे की काळ्या मातीत, हे आजूबाजूच्यांना विचार. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि वरचं घर हलवते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग आणि चौकटीत अडकणारं दार एकाच भिंतीत दिसलं, तर मला फोन कर. खालच्या खोल्यांत भिंतीच्या बुडाला लोणा, म्हणजे ओलीने फुटणारा पांढरा क्षार, लागलाय का बघ. तीन फुटांपर्यंत हौसेने टाइल्स लावल्या असतील तर ती हौस कसली, तेही विचार. सेप्टिक टँक नेमका कुठे आहे, ते मालकाला बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. फोटोत शेजाऱ्याने वर खोली चढवलेली दिसते. भिंत दोघांत एक असेल तर ते ओझं तुमच्याही पायावर आहे.

एवढं सगळं सांगणाऱ्या तुझ्या बापाने स्वतः काय केलं, ते तुला माहीत नाही. हे ठाण्याचं घर आपण 1996 च्या मार्चमध्ये घेतलं. भिंती कोरड्या ठणठणीत. आतल्या खोलीत कोपऱ्याला चिकटून आधीच्या मालकांचं लोखंडी कपाट होतं. नोकरीत रोज सरकारी भिंती ठोकून बघणारा मी, त्या दिवशी खिडकीत उभा राहून तुझ्या आईला "वारं काय सुटतं गं इथे" म्हणत होतो. जुलैत त्या कोपऱ्याला पोपडे धरले. पलीकडे बाथरूमचा पाइप होता. तुझा बालवाडीचा गणवेश त्या वर्षी कायम कुबट वासाचा, आणि तू नाक मुरडून तो घालायचीस.

तेव्हा आणखी दोन-तीन सरी चांगल्या पडू देत, टोकनची घाई नको. रविवारी पहिल्या गाडीने येतो, हातोडी मी आणतो. कोथरूडवाल्यांना एवढंच सांगून ठेव, की बेडरूममधलं ते कपाट भिंतीपासून हातभर पुढे सरकवून ठेवा.

तुझा,
बाबा