पाठ केलेला कोड मुलाखतीत का अडतो

संपादक महोदय,

कॅम्पस मुलाखतींचा हंगाम आला की अभियांत्रिकीच्या मुलांमध्ये एकच चौकशी सुरू होते: ‘तुझे कोडिंगचे किती प्रश्न सोडवून झाले?’ मुलाखत घेणारा हा आकडा कधीच विचारत नाही. त्याला पाऊण तासात उमेदवार विचार कसा करतो, ते बघायचं असतं.

नेहमीचाच प्रश्न घ्या. संख्यांची यादी दिली आहे. बेरीज १० होईल अशी जोडी शोधा. बहुतेक मुलं लगेच कोड बडवायला घेतात. यादी केवढी, ती क्रमाने लावलेली आहे का, जोडी नसलीच तर काय परत करायचं, हे विचारायचं राहून जातं आणि उत्तर तर त्यावरच ठरतं. हजार संख्या असतील तर लूपमध्ये लूप, म्हणजे प्रत्येक जोडी एकेक करून तपासणं, चालून जातं. जोड्या पाच लाखांच्या आतच भरतात. यादी एक लाखाची झाली की जोड्या होतात जवळपास ५०० कोटी. सेकंदाला १० कोटी तपासण्या धरल्या तरी ५० सेकंद लागणार. यादी क्रमवार असेल तर दोन्ही टोकांकडून आत सरकत यावं, जादा मेमरी लागत नाही. क्रमवार नसेल तर हॅशमॅप, म्हणजे आधी पाहिलेली संख्या झटकन शोधून देणारी नोंदवही.

हॅशमॅप सगळ्यांना येतो, चूक होते ती ओळींच्या क्रमात. यादी ५, २, ९ अशी आहे. आधी ५ मॅपमध्ये टाकला आणि मग ‘१० वजा ५ आहे का?’ असं पाहिलं, तर तोच ५ स्वतःशी जोडी जमवतो. म्हणून आधी शोधायचं, मग टाकायचं. कोड लिहून झाल्यावर हे तीन आकडे एकेक ओळ हाताने चालवून पाहिले तर दोन मिनिटांत चूक सापडते. पण ती दोन मिनिटं कुणी काढत नाही.

पाठांतराचा भरवसा तर मोठ्यांनाही नडतो. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या तयार कोडच्या लायब्ररीत बायनरी सर्च आहे, म्हणजे क्रमवार यादी दर वेळी निम्मी करत शोधणं. त्यात मधली जागा काढताना ‘लो’ आणि ‘हाय’ या दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून दोनाने भागलेलं होतं. ही बेरीज २१४ कोटींच्या पुढे गेली की ३२ बिटांत मावत नाही, ऋण होते. नऊएक वर्षं ही चूक कुणाच्या लक्षात आली नाही. तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००६ मध्ये ती जाहीरपणे मांडली. ‘हाय’मधून ‘लो’ वजा करून त्याची निम्मी संख्या ‘लो’मध्ये मिळवली की काम भागतं.

आणखी एक. विचार मराठीत चालतो आणि इंग्रजीत बोलायचं म्हणून मुलं गप्पच बसतात. तोडकंमोडकं बोललेलं खपतं, दहा मिनिटांची शांतता खपत नाही.

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांनी सराव मुलाखती घ्याव्यात त्या साध्या कोऱ्या पानावर. पुढचा कोड आपोआप सुचवणारं ऑटोकम्प्लीट नको आणि ‘सर्व टेस्ट पास’ सांगणारी हिरवी खूणही नको.

– एक सॉफ्टवेअर अभियंता, पुणे