शॅकल्टन दक्षिण ध्रुवावर पोचलाच नव्हता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत जुन्या शोधकांच्या वाटेनं पुन्हा चालणाऱ्या लोकांवरचा लेख वाचला. विषय भारीच, सोलापुरात पारा 43 वर असताना बर्फाचं वाचायला कुणाला नको, पण त्यात ब्रिटिश शोधक अर्नेस्ट शॅकल्टननं दक्षिण ध्रुव सर केला असं बिनधास्त छापून टाकलंय. नाही ओ. ध्रुवावर पहिला पोचला नॉर्वेचा अमुंडसेन, 14 डिसेंबर 1911 ला, मग महिनाभरानं ब्रिटनचा स्कॉट. शॅकल्टन कधीच पोचला नाही, आणि मला तर तो आवडतो तेवढ्यासाठीच.

9 जानेवारी 1909 ला शॅकल्टन, वाइल्ड, अ‍ॅडम्स आणि मार्शल असे चौघं 88 अंश 23 मिनिटं दक्षिण अक्षांशावर होते (ध्रुव म्हणजे 90 अंश), ध्रुव राहिला होता साधारण 180 किमी. सोबतचे चारही घोडे संपलेले, शेवटचा तर बिअर्डमोर हिमनदीवरच्या भेगेत गडप झाला, मग स्लेज स्वतःच ओढायची, आणि शिधा इतका कमी की अजून पुढं रेटलं असतं तर ध्रुव कदाचित मिळालाही असता पण परत यायला कुणी उरलं नसतं. तिथं झेंडा लावला आणि माघारी फिरले. नंतर बायकोला म्हणाला, मेलेल्या सिंहापेक्षा जिवंत गाढव बरं. शिर सलामत तो पगडी पचास, दुसरं काय.

येताना तर आणखी हाल. वाइल्डचं पोट पार बिघडलेलं, घोड्याचं मांस पचेना, तर शॅकल्टननं आपल्या वाटणीचं बिस्कीट त्याला बळजबरीनं खायला लावलं. हे चहात बुडवायचं बिस्कीट नव्हे बरं का, आपल्या कडक भाकरीसारखं टणक आणि मोजून मिळणारं. हजारो पौंड मोजले तरी ते एक बिस्कीट मिळालं नसतं, असं वाइल्डनं डायरीत लिहून ठेवलंय.

लेखात हेन्री वर्स्लीचं नाव एका ओळीत उरकलंय, त्याचं तर खरं सविस्तर यायला पाहिजे होतं. हा ब्रिटिश आर्मीतला माणूस, त्यानं जुन्या टीममधल्या लोकांच्या नात्यातले दोघं सोबत घेतले आणि तीच वाट चालून बरोबर 9 जानेवारी 2009 ला, म्हणजे शंभर वर्षांनी, त्याच जागी पोचला. मग पुढं ध्रुवही केला. नंतर 2015 च्या शेवटी एकटाच, कुणाची मदत न घेता, अख्खं अंटार्क्टिका ओलांडायला निघाला, 71 दिवस चालला आणि शेवट 50 किमीच्या आत आला असताना थांबला, विमान बोलवलं. थांबताना त्यानं शॅकल्टनच्या त्याच माघारीचं नाव घेतलं. पण तोवर पोटात इन्फेक्शन पसरलं होतं, जानेवारी 2016 मध्ये चिलीत हॉस्पिटलमध्येच वारला. थांबणं किती अवघड असतं ते यात दिसतं.

बाकी आजच्या हौशी लोकांना तिकडं नेणाऱ्या ट्रिपवाल्यांचं काय, 89 अंशावर विमानानं सोडतात, ध्रुवापर्यंतचे शेवटचे 111 किमी चालवतात. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर जहाजातून फॉर्च्युना बे ला उतरून स्ट्रॉमनेसपर्यंत पाच-सहा किमीचा ट्रेक करून आणतात. शॅकल्टन आणि त्याचे साथीदार फ्रँक वर्स्ली (वरचा हेन्री नव्हे) आणि क्रीन यांनी 1916 मध्ये ते बेट 36 तासात सलग चालून ओलांडलं होतं, बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाच्या तळव्यात होडीचे स्क्रू ठोकून. (ही दुसरी मोहीम, एन्ड्युरन्स जहाजाची. तुमच्या लेखात दोन्हींची मिसळ झालीये.)

मी हौशी ट्रिपांना नावं ठेवत नाही. आमच्या ग्रुपची पोरं पण पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड करतात, पाठीमागं जेवणाचा टेम्पो असतो, आणि कुणी म्हणत नाही की आम्ही खिंड लढवली. पण धुकं दाटलं, ओढ्याला पाणी चढलं तरी "आता थोडंच राहिलंय सर" म्हणत पुढं घुसणारे दरवेळी दोघं-चौघं असतातच, त्यांना मागं वळवताना घसा बसतो. अशा पोरांच्या हातात तुमची पुरवणी जाते, त्यात सगळे पोचलेलेच दाखवले तर आम्ही समजवायचं कसं?

तेव्हा दुरुस्ती छापाच, कोपऱ्यात नको, लेखाच्याच पानावर. सोबत नकाशा देणार असाल तर त्यात 88 अंश 23 मिनिटाला ठिपका टाका, आणि आजचे ट्रिपवाले नक्की कुठून कुठं चालवतात तेपण वेगळ्या रंगात दाखवा.

एक ट्रेकर वाचक,
जुळे सोलापूर